घरगुती सुतारकामाच्या खोलीतील धूळ: यंत्र घेण्यापूर्वी करायचा हवेचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागच्या १२ बाय १६ फुटांच्या खोलीत तुम्ही सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करता. टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत), थिकनेस प्लेनर (फळी ठरावीक जाडीला तासणारे यंत्र), राउटर (फिरत्या कटरने खाचा आणि कडा कापणारे यंत्र) आणि ऑर्बिटल सँडर (पॉलिश पेपरने घासणारे यंत्र) एवढी यंत्रे आहेत, काम बहुतेक सागाचे, प्लायचे आणि एमडीएफचे (लाकडाचे तंतू राळेने दाबून केलेल्या फळ्यांचे) असते, आणि आता २ एचपीचा पिशवीवाला डस्ट कलेक्टर घेऊन खोलीभर ४ इंची पाइप फिरवण्याचा विचार आहे. त्यासाठी कोणते यंत्र घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. मी उत्तराचा क्रम उलटा ठेवतो, कारण यंत्र ही या कामातली शेवटची निवड आहे. धूळ कुठे निर्माण होते, ती तिथल्या तिथे पकडायला किती हवा लागते आणि ओढलेली हवा शेवटी कुठे सोडायची, या तीन गोष्टी ठरल्या की यंत्राची ताकद त्यातूनच ठरते. आधी यंत्र घेतले, तर बहुतेकदा चांगला ब्लोअर (डस्ट कलेक्टरचा हवा ओढणारा पंखा) लहान पाइपाला जोडलेला दिसतो आणि जमिनीवरचा भुसा कमी झाला एवढ्यावर काम संपल्यासारखे वाटते.

जमिनीवर पडलेला भुसा हा या विषयातला सर्वांत निरुपद्रवी भाग आहे. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाड असतो. फुफ्फुसाच्या आतल्या भागापर्यंत पोहोचणारे कण १० मायक्रॉनपेक्षा लहान असतात आणि सुटे असताना डोळ्यांना दिसत नाहीत. स्थिर हवेत १० मायक्रॉनच्या कणाला डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला १० मिनिटांच्या आसपास लागतात, तर १ मायक्रॉनच्या कणाला सोळा-अठरा तास. म्हणजे शनिवारी संध्याकाळी सँडर बंद करून तुम्ही खोलीला कुलूप लावले, तरी रविवारी सकाळी दार उघडताना आदल्या दिवशीची सूक्ष्म धूळ काही प्रमाणात हवेतच असते. मोठे कणही निर्दोष नाहीत, कारण ते नाकात अडकतात. इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरच्या गावातील कारागिरांमध्ये नाकाच्या पोकळीचा एरवी दुर्मीळ असलेला कर्करोग फार आढळतो, हे १९६० च्या दशकात तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले, आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. ते कारागीर वर्षानुवर्षे दिवसभर धुळीत राहत होते आणि तुमचे काम सुट्टीपुरते आहे, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण सागाच्या आणि शिसवाच्या धुळीने त्वचेला खाज सुटणे, नाक वाहणे आणि दम्याचा त्रास बळावणे हे परिणाम हौशी माणसालाही होतात, आणि एकदा शरीराने अशी संवेदनशीलता धरली की पुढे थोडी धूळही पुरते.

आता तुमच्या खोलीचा आकडा मांडून पाहू. उंची १० फूट धरली तर खोलीत सुमारे ५४ घनमीटर हवा आहे. युरोपात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा २०२३ पासून दर घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे, तीही आठ तासांच्या सरासरीची. या हिशेबाने तुमच्या अख्ख्या खोलीत तरंगत असलेली फक्त १०८ मिलिग्रॅम धूळ, म्हणजे चिमटीत धरता येईल त्याहूनही कमी, ही मर्यादा गाठते. एक चौरस मीटरचा सागवानी टेबलटॉप सँडरने घासून एक दशांश मिलिमीटर थर काढला, तर ६५ ग्रॅमच्या आसपास धूळ तयार होते. त्यातला शंभरावा भाग जरी हवेत राहिला, तरी मर्यादेच्या सहापट धूळ तुमच्या श्वासात येते. म्हणून छताला टांगायचे हवा गाळणारे यंत्र हा मुख्य उपाय होऊ शकत नाही. ते हवेत मिसळून गेलेली धूळ नंतर हळूहळू कमी करते, आणि तोपर्यंत तुम्ही ती घेतलेली असते. धूळ जिथे सुटते तिथेच पकडली पाहिजे.

तिथेच म्हणजे खरोखर अगदी तिथेच. हवा फुंकली की लांब जाते, पण ओढली की सर्व बाजूंनी येते. त्यामुळे उघड्या पाइपाच्या तोंडापासून पाइपाच्या व्यासाएवढे अंतर गेले, की ओढीचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या दहाव्या भागाहूनही कमी होतो. ६ इंची पाइप पात्यापासून ६ इंचांवर ठेवला तर त्याचा उपयोग जवळजवळ संपलेला असतो. यंत्राभोवती प्लायचे आवरण करून पाते किंवा कटर त्यात जितके बंदिस्त करता येईल तितके करावे, आणि हवा आत येण्यासाठी एक ठरावीक फट ठेवावी. पूर्ण बंद पेटीतून हवा वाहत नाही, आणि हवा वाहिली नाही तर धूळही जात नाही, हे विसरून अनेकजण टेबल सॉची खालची पेटी चारही बाजूंनी सील करतात.

हाताची यंत्रे आणि उभी यंत्रे यांची गरज वेगळी असते, म्हणून तुम्हाला दोन स्वतंत्र व्यवस्था लागतील. सँडर, ट्रिमर, राउटर आणि जिगसॉ यांची तोंडे लहान असतात. अरुंद नळीतून हवा खेचायला जोर जास्त आणि हवा कमी लागते. हे काम वर्कशॉपचा वेट-ड्राय व्हॅक्युम क्लीनर उत्तम करतो. त्याची ओढ २ मीटर पाण्याच्या स्तंभाएवढी असू शकते, पण हवा दर मिनिटाला १०० ते १५० घनफूट, म्हणजे तेवढेच सीएफएम. टेबल सॉ आणि प्लेनर यांना याच्या उलट हवे असते: जोर कमी चालतो, हवा भरपूर लागते. व्हॅक्युम प्लेनरला लावला की तो ढलप्यांनी काही मिनिटांत तुंबतो, आणि मोठा ब्लोअर सँडरच्या बोटभर नळीला लावला तर ती नळी पुरेशी हवाच आत येऊ देत नाही.

व्हॅक्युमपासून सुरुवात करा, कारण सूक्ष्म धुळीचा मोठा वाटा सँडरचा असतो आणि तिथे कमी खर्चात सर्वांत मोठा फरक पडतो. व्हॅक्युममध्ये हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कणही अडवणारा) आणि त्याच्या आत फ्लीसची पिशवी असावी. त्याच्या आधी प्लास्टिकचा लहान सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारे शंकूसारखे भांडे) बसवला की जवळजवळ सगळा भुसा खालच्या बादलीत पडतो आणि फिल्टर बराच काळ मोकळा राहतो. या बादलीबाबत एक सूचना महत्त्वाची आहे. रंगाची २० लिटरची बादली सर्वत्र मिळते म्हणून बहुतेकजण तीच वापरतात. पण नळीचे तोंड चुकून बंद झाले, तर एक फूट व्यासाच्या झाकणावर दीडशे किलोच्या जवळपास भार येतो आणि बादली आतल्या बाजूला चेमटते. बादलीत प्लायची कडी बसवावी किंवा दोन बादल्या एकात एक घालाव्यात, आणि झाकणाला खालून १२ मिलिमीटर प्लायची चकती स्क्रूने जोडावी. सँडरवर जाळीचा पॉलिश पेपर वापरला तर ओढ पूर्ण पृष्ठभागातून मिळते. भोकांचा पेपर वापरत असाल तर त्याची भोके पॅडच्या भोकांवर नेमकी बसवलेली असावीत.

आता पाइप, ज्याच्यावर तुमचा मूळ बेत अडखळतो. भुसा आणि ढलप्या पाइपात न बसता वाहत राहाव्यात यासाठी हवेचा वेग मिनिटाला सुमारे ४,००० फूट लागतो. त्या वेगाने ४ इंची पाइपातून ३५० सीएफएम हवा जाते, ५ इंचीतून ५४५ आणि ६ इंचीतून ७८५. ढलप्या उचलायला ३५० पुरतात, म्हणून ४ इंची पाइप लावलेली खोली स्वच्छ दिसते. टेबल सॉच्या पात्याने उडवलेली बारीक धूळ पकडायला मात्र साधारण त्याच्या दुप्पट हवा लागते. जोरदार ब्लोअर लावून ४ इंचीतूनच ८०० सीएफएम ओढू म्हटले, तर हवेला तो वेग देण्यातच ५ इंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब खर्च होतो, आणि पाइपाच्या घर्षणाचा दर दहा फुटांना ३ इंचांहून अधिक दाब वेगळा. घरगुती ब्लोअरजवळ एवढा दाब नसतोच.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते, कारण या विषयावरचा बहुतेक मजकूर अमेरिकेतून येतो. तिथली वीज ६० हर्ट्झची आहे आणि ब्लोअरची मोटर मिनिटाला सुमारे ३,४५० फेरे फिरते. आपल्या ५० हर्ट्झवर तसलीच मोटर २,८५० च्या आसपास फिरते. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात आणि दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे तोच १२ इंची इम्पेलर (ब्लोअरमधले पात्यांचे फिरते चाक) आपल्याकडे सुमारे १७ टक्के कमी हवा आणि ३० टक्के कमी दाब देतो. खोक्यावर छापलेला सीएफएमचा आकडा पाइप, पिशवी, सायक्लोन यांपैकी काहीही न जोडता मोजलेला असतो, हे त्यात धरले, तर २ एचपीच्या यंत्राकडून प्रत्यक्ष जोडणीनंतर ५०० ते ६०० सीएफएम एवढीच अपेक्षा ठेवावी. असे यंत्र ६ इंची पाइपाला जोडले तर वेग ३,००० फुटांच्या खाली जाऊन ढलप्या पाइपात साचू लागतील. २ एचपीसाठी शेतीच्या पाइपांच्या दुकानात मिळणारा १४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप योग्य बसतो, कारण त्याचा आतला व्यास सव्वापाच इंचांच्या जवळपास असतो. १४ किंवा १५ इंची इम्पेलरचे ३ एचपी यंत्र घेणार असाल तर १६० मिलिमीटरचा घ्यावा. ड्रेनेजच्या १६० मिलिमीटर पाइपात ४५ अंशांची वाय (इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची फाटा जोडणी) आणि बेंड सहज मिळतात. १४० मध्ये जोडण्या कोणत्या मिळतात ते पाइप घेण्यापूर्वी पाहावे. काटकोनी एल्बो कुठेही लावू नये. जिथे ९० अंश वळायचे आहे तिथे ४५ अंशांचे दोन बेंड, मध्ये फूटभर सरळ पाइप ठेवून लावावेत. लवचीक होज साध्या पाइपाच्या दोन ते तीनपट अडथळा करतो, म्हणून तो गरजेपुरताच असावा.

तरीही तुमच्या खोलीत पाइपांचे जाळे उभारू नका, असे मी सुचवेन. ब्लोअर टेबल सॉ आणि प्लेनर यांच्या मधोमध ठेवून पाच-सहा फुटांचा एकच होज यंत्रागणिक बदलला, तर हवा पूर्ण मिळते, न वापरलेल्या फाट्यांची तोंडे बंद करणारे गेट लागत नाहीत आणि गळती राहत नाही. एका वेळी एकच माणूस एकच यंत्र चालवत असेल, तर खोलीभर पाइप फिरवून दाब घालवण्यात अर्थ नाही.

ओढलेली हवा कुठे सोडायची, हा प्रश्न आपल्याकडे तिकडच्याहून फार सोपा आहे आणि त्याचा फायदा घेतला जात नाही. थंड देशांत हिवाळ्यात खोली तापवलेली असते; मिनिटाला ७०० घनफूट हवा बाहेर टाकली तर सगळी ऊब जाते, म्हणून हवा गाळून परत आत सोडण्याची पद्धत पडली आणि महागड्या फिल्टरांची गरजही त्यातूनच आली. आपल्याकडे वर्षातले जवळजवळ सर्व दिवस हवा बाहेर टाकायला काहीच हरकत नसते. ब्लोअरच्या आधी सायक्लोन बसवून मोठा भुसा ड्रममध्ये पाडावा आणि उरलेली सूक्ष्म धूळ हवेबरोबर भिंतीबाहेर सोडावी. त्यामुळे फिल्टरचा खर्च वाचतो, त्याचा अडथळा वाचतो आणि सर्वांत बारीक कण तुमच्या खोलीतच राहत नाहीत. सायक्लोन स्वतः २ ते ३ इंच दाब खातो, म्हणून तो लावायचा असेल तर ३ एचपीचा विचार करावा. बाहेरच्या पाइपाचे तोंड खाली वळवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही, आणि पक्षी व उंदीर शिरू नयेत म्हणून त्यावर अर्ध्या इंचाची जाळी लावावी. बारीक जाळी तुंबते. समोरच्या भिंतीत हवा आत येण्यासाठी खिडकी उघडी हवी. तुमच्या खोलीत १,९२० घनफूट हवा आहे, ती तीन मिनिटांच्या आत बदलली जाईल, आणि तेवढी हवा आत यायला वाट नसेल तर ब्लोअर नुसताच गरगरेल. खोली घराला लागून असेल आणि जवळच्या न्हाणीघरात गॅस गिझर असेल, तर हे आणखी गंभीर आहे: खोलीतली ओढ गिझरचा धूर उलटा घरात खेचू शकते आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. दोन्ही एकाच वेळी चालवू नयेत.

बाहेर शेजाऱ्यांची खिडकी किंवा कपडे वाळत घालण्याची जागा असेल तर मात्र धूळ त्यांच्याकडे ढकलणे योग्य नाही. अशा ठिकाणी हवा गाळूनच सोडावी. यंत्राबरोबर येणारी पातळ कापडी पिशवी ३० मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवते आणि त्याहून बारीक, म्हणजे सर्वांत घातक, धूळ खोलीभर फवारते. तिच्याऐवजी १ मायक्रॉनची फेल्ट पिशवी लावावी आणि तिचे क्षेत्रफळ भरपूर ठेवावे. दर १० सीएफएमला एक चौरस फूट हा ठोकताळा मला उपयोगी पडला आहे.

यंत्रांपैकी टेबल सॉवर सर्वाधिक वेळ द्यावा. खालून कितीही ओढले तरी पात्याचे दात वरच्या बाजूने धूळ तुमच्या तोंडाच्या दिशेने फेकतात, विशेषतः एमडीएफची कड नुसती तासताना. पात्यावरच्या गार्डला व्हॅक्युमची नळी जोडावी, म्हणजे वर व्हॅक्युम आणि खाली ब्लोअर अशी दोन्हीकडून ओढ मिळते. पाते धारदार ठेवावे, कारण बोथट पाते लाकूड कापण्याऐवजी घासते आणि धूळ अधिक बारीक होते. सागात सिलिका असल्याने पाती लवकर बोथटतात, हे सागाचे काम करणाऱ्यांनी धरूनच चालावे. प्लेनरच्या ढलप्या मोठ्या असतात आणि ते यंत्र सोपे जाते. राउटर टेबलला फेन्सच्या (लाकूड टेकवून सरकवायच्या सरळ पट्टीच्या) मागे आणि खालच्या पेटीत, अशा दोन्ही ठिकाणी तोंड हवे. हातरंध्याची सालपटे हवेत उडत नाहीत, आणि शेवटचा हात सँडरऐवजी चांगल्या धारेच्या रंध्याने मारता आला तर त्याला कोणत्याच यंत्राची गरज नाही.

छताचा पंखा घासकाम चालू असताना बंद ठेवावा. तो बसू पाहणारी धूळ पुन्हा पुन्हा वर उचलतो आणि पात्यांवर साचलेली जुनी धूळही झाडतो. उकाड्यासाठी उभा पंखा एका बाजूला ठेवून हवा खिडकीच्या दिशेने जाऊ द्यावी. पंखा थेट पाठीमागे ठेवल्यास तुमच्या शरीरासमोर भोवरा तयार होऊन धूळ चेहऱ्याकडे येते, म्हणून वारा बाजूने घ्यावा. कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणे या दोन सवयी कारखान्यांतही सर्रास दिसतात आणि दोन्ही दिवसभराची मेहनत वाया घालवतात. व्हॅक्युमच्या ब्रशने आवरावे. मास्क या सगळ्यानंतरही लागतोच: एन-९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ नुसारचा एफएफपी-२, आपल्या दमट हवेत श्वास सोडण्याची झडप असलेला. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. काम थांबल्यावर ब्लोअर चालू ठेवून अर्धा तास तरी मास्क काढू नये.

विजेचे काम स्वतंत्र करून घ्यावे. टेबल सॉ आठ-नऊ अँपिअर आणि २ एचपीचा ब्लोअर सुमारे दहा अँपिअर घेतो. दोन्ही एका १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवायचे नाहीत. ब्लोअरसाठी वेगळी लाइन आणि सुरुवातीचा झटका सोसणारा सी-कर्व्ह एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप बंद होणारा स्विच) असावा, आणि ३ एचपी घेण्यापूर्वी घराचा मंजूर भार वीजबिलावर पाहावा. पीव्हीसी पाइपात स्थिर विजेने स्फोट होईल ही भीती घरगुती प्रमाणात निराधार आहे: लाकडाची धूळ पेटण्यासाठी हवेत दर घनमीटरला साधारण ४० ग्रॅम धूळ लागते, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या वीस हजारपट. होजमधली तार अर्थिंगला जोडली की बसणारे चटके थांबतात. खरा धोका ठिणगीचा आहे. जुन्या सागवानी वाशांमधला राहिलेला खिळा पात्याला लागला, किंवा ग्राइंडरचा धातूचा कचरा याच होजने ओढला, तर ड्रममधला भुसा तासन्‌तास धुमसू शकतो. धातूसाठी ही व्यवस्था कधीच वापरू नये, आणि काम संपल्यावर ड्रम रिकामा करावा.

बसवलेली व्यवस्था नीट चालते का, हे गवंड्याच्या लेव्हल पाइपाने मोजता येते. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवा, अर्धी पाण्याने भरा आणि एक टोक ब्लोअरच्या आधी पाइपाला पाडलेल्या बारीक छिद्रात घट्ट खोचा. ब्लोअर चालू असताना दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक इंचांत लिहून ठेवा. पुढे हा आकडा वाढला, तर त्या छिद्रापासून यंत्राच्या बाजूला कुठेतरी तुंबले आहे; कमी झाला, तर ब्लोअरच्या पुढे पिशवी भरली आहे किंवा पाइपाचा जोड सुटला आहे. साध्या सागाचा भुसा बागेत आच्छादनाला टाकता येतो. एमडीएफ आणि प्लायच्या भुशात फॉर्माल्डिहाइडयुक्त राळ असते, म्हणून तो चुलीत जाळू नये आणि भाजीच्या वाफ्यातही टाकू नये. त्याचा ड्रम वेगळा ठेवावा. पावसाळ्यात कोणताच भुसा आठवडाभर साठवू नये, कारण ओलाव्याने त्याला बुरशी येते आणि ड्रम उघडताना ती बुरशी थेट नाकात जाते.